दहा सेंटांचा उन्हाळा

दिवाळीत मुलांच्या हाती येतो तो खाऊचा पैसा. त्याला घाम लागत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मात्र घरातला एखादा पोरगा ‘मी चार पैसे मिळवीन’ म्हणू लागतो आणि वडीलधाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोर व्यवहार शिकेल. दुसरा म्हणतो, पैशाची चटक लागली की अभ्यास बुडालाच. हा वाद ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो न्यूयॉर्क शहरातला १८९९ सालचा उन्हाळा.

त्या काळी तेथे दुपारची वर्तमानपत्रे रस्त्यावर विकीत ती पोरे. कोणी पंधरा वर्षांचा, कोणी जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. त्यांना पगार नसे. शंभर अंकांचा गठ्ठा ५० सेंटांना रोख विकत घ्यायचा आणि एकेक अंक एका सेंटाला विकायचा. सगळे खपले तर निम्मा नफा. उरले तर ते ज्याचे त्याने उरावर घ्यायचे. रात्री उशिरापर्यंत ही पोरे ओरडत हिंडत, ती या भीतीपोटीच.

१८९८ साली अमेरिकेचे स्पेनशी युद्ध जुंपले. बातम्यांना ऊत आला, खप वाढला आणि बहुतेक मालकांनी गठ्ठ्याची किंमत ६० सेंट केली. अंक हातोहात जात, म्हणून पोरांनी ते सोसले. युद्ध संपताच इतरांनी दर खाली आणला. जोसेफ पुलित्झरचे ‘वर्ल्ड’ आणि विल्यम हर्स्टचे ‘जर्नल’ यांनी मात्र आणला नाही. पत्रकारितेचे मोठे पारितोषिक ज्याच्या नावाने दिले जाते, तोच हा पुलित्झर!

जुलै १८९९ मध्ये पोरांनी संप पुकारला. योगायोग असा की त्याच सुमारास ट्रामच्या कामगारांचाही संप चालू होता, त्यामुळे पोलिसांचे हात त्यात गुंतलेले. हे दोन अंक विकताना कोणी दिसला की पोरे त्याचे गठ्ठे हिसकावून फाडून टाकीत. मारामाऱ्या झाल्या, धरपकड झाली. या लढ्यात सारेच गोजिरवाणे नव्हते. २४ जुलैच्या रात्री सभेला हजारो पोरे लोटली. ‘किड ब्लिंक’ या टोपणनावाचा, एका डोळ्याने अधू असलेला पोरगा पुढारी म्हणून तेथे बोलला. प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांनी हे सारे चवीने छापले. ‘वर्ल्ड’चा खप ३,६०,००० वरून १,२५,००० वर घसरला.

दोन आठवड्यांनी तडजोड झाली. दर ६० सेंटच राहिला. पण न खपलेले अंक मालकांनी पुऱ्या किमतीला परत घ्यायचे ठरले. वरवर पाहता पोरे हरली, असे कोणीही म्हणेल. पण वाचकहो, जरा हिशेब करून पाहा. समजा, दिवसात सत्तरच अंक खपले. जुन्या ५० सेंटांच्या दराने पोराच्या पदरात २० सेंट पडत. नव्या दराने, पण उरलेले तीस अंक परत दिल्यावर, २८ सेंट पडतात. त्र्याऐंशीहून अधिक अंक खपले तरच जुना दर फायद्याचा. म्हणजे चांगल्या दिवसाचे दहा सेंट सोडून पोरांनी वाईट दिवसाचा विमा मिळविला!

त्या पोरांची कमाई हौसेची नव्हती. कित्येक अनाथ होती, काहींच्या सेंटांवर घरची चूल पेटत असे. तशी पाळी कोणत्याही मुलावर येऊ नये. पण त्यांचा हिशेब आपल्या मुलांनी जरूर शिकावा. सुटीत कोणी फटाके विकील, कोणी आंब्याच्या पेट्या, कोणी शेजारच्या मुलाची शिकवणी धरील. मिळकत किती, हे तर सगळेच विचारतात. मला वाटते, वडीलधाऱ्यांनी चटकेची चिंता थोडी बाजूला ठेवून पोराला दुसरा प्रश्न विचारायला शिकवावे: माल उरला तर तो कोणाचा? कारण नफ्यात वाटा मागणारे पुष्कळ भेटतात. तोटा कोणाच्या माथी बसायचा, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे लागते.