मोती तलावाहून योर्डानकडे

नेदरलँड्समध्ये तीन आठवडे घरबांधणी आणि नगररचना शिकून आलो, असं जालन्यात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग त्यातलं आपल्याकडे काय चालेल?" माझं उत्तर लोकांना जरा निराश करतं. कारण मला तिथे जालनाच जास्त कळलं.

अ‍ॅमस्टरडॅमचे ते प्रसिद्ध अर्धवर्तुळाकार कालवे १६१३ साली खणायला घेतले. वर्गात हे वर्ष नगररचनेचा जन्मदाखला असल्यासारखं यायचं. माझ्या डोक्यात मात्र दुसराच आकडा फिरत होता: १६१०. त्या वर्षी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवायला घेतलं आणि पुढे जमिनीखालच्या नहरीतून शहरात पाणी आणलं. जालन्यात त्याच काळातल्या जमशेद खानाने मोती तलाव बांधला. त्याचंही पाणी भूमिगत नळांनी गावातल्या हौदांपर्यंत येत असे. तिकडे पाणी बाहेर काढून शहर उभं राहत होतं, इकडे आत आणून.

ही दोन जगं एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हती. १६१७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक दख्खनमधून प्रवास करताना खुद्द मलिक अंबरला भेटला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की, अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस; आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांवरच्या कित्येक हवेल्यांमागे गुलामांच्या व्यापाराचा पैसा. शहराच्या महापौरांनी त्याबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

त्या हवेल्यांचे फोटो काढून झाले की पलीकडच्या योर्डानमध्ये जावं. श्रीमंतांसाठी आखीव कालवे होते. कामगार-कारागिरांच्या या वस्तीत रस्ते जुन्या शेतांच्या चरांवरच पडले. एकोणिसाव्या शतकात इथे तळघरांतही कुटुंबं राहत. आज तिथे घर घेणं सामान्य डच माणसाला परवडत नाही, तो भाग वेगळा.

म्हणून डच घरबांधणी मी १६१३ पासून नाही, १९०१ पासून मोजतो. त्या वर्षीच्या गृहनिर्माण कायद्याने घर राहण्यालायक असण्याच्या अटी घातल्या, ना-नफा गृहसंस्थांना सरकारी कर्जाची वाट मोकळी केली आणि १०,००० पेक्षा जास्त वस्तीच्या गावांना वाढीचा आराखडा आधीच करायला लावला. तो दर दहा वर्षांनी पुन्हा तपासायचा. मिशेल डी क्लेर्कने बांधलेलं 'हेट शिप' याच व्यवस्थेतलं: जहाजासारखी विटांची इमारत, कामगार कुटुंबांसाठी, आत पोस्ट ऑफिससुद्धा. देशातली दहापैकी जवळपास तीन घरं आजही अशा संस्थांची आहेत.

जालन्याला पाण्याचं शहाणपण शिकवायला डच माणूस नको. निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने नव्या जालन्यात येतं आणि त्यातला गाळ काढायला इथल्याच नागरिकांनी पुढाकार घेतला.

घरांचं तसं नाही. इथल्या कारखान्यांतली सळई दूरदूरच्या स्लॅबांत जाते. ती सळई ओढणारे मजूर बिहार, उत्तर प्रदेशातून येतात. त्यांनी राहायचं कुठे, हे परत आल्यापासून मी भेटेल त्याला विचारतो. आतापर्यंत एकच उत्तर मिळालंय: "ते ठेकेदार बघतो."