एकविध वर्तुळाकार गती

एकविध वर्तुळाकार गती : वर्तुळाच्या परिघावरून स्थिर चालीने होणारी गती. घड्याळाच्या काट्याचे टोक, सम गतीने फिरणाऱ्या चाकाच्या धावेवरील बिंदू आणि स्थूलमानाने पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र ही हिची उदाहरणे होत. या गतीत चाल बदलत नसली, तरी दिशा क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे वेग बदलतो, म्हणजेच वस्तूला प्रवेग (त्वरण) असतो. हा प्रवेग सतत केंद्राकडे असून चालीच्या वर्गाला त्रिज्येने भागल्यास त्याचे मूल्य मिळते. तो निर्माण करणाऱ्या केंद्राकडील प्रेरणेला (बलाला) ‘अभिकेंद्री प्रेरणा’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावणारा हा नियम हाती येण्यास सु. दोन हजार वर्षे लागली. स्थिर चालीच्या गतीलाही प्रेरणा लागते काय आणि लागत असल्यास ती आत असते की बाहेर, हे दोन प्रश्न त्यास कारणीभूत होते. प्रारंभिक उदाहरणे सोडविताना विद्यार्थी आजही याच दोन ठिकाणी अडतात.

प्राचीन व मध्ययुगीन विचार : ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांच्या मते पृथ्वीवरील पदार्थांची नैसर्गिक गती सरळ रेषेत, वर किंवा खाली होते, खस्थ ज्योती मात्र निराळ्या, पाचव्या मूलतत्त्वाच्या बनलेल्या असून वर्तुळाकार गती हा त्यांचा स्वभावच आहे. स्वभावसिद्ध गतीला बाहेरून प्रेरणा शोधण्याचे कारण उरत नव्हते. त्यामुळे ज्योतिषशास्त्राचे काम ग्रहांच्या अनियमित दिसणाऱ्या गतींची वर्तुळाकार गतींत फोड करण्यापुरते राहिले. दुसऱ्या शतकात टॉलेमी यांनी वर्तुळावर वर्तुळे रचून हे काम पार पाडले. परंतु त्यासाठी गती केंद्राहून वेगळ्या बिंदूपासून पाहता एकविध दिसते, असे त्यांना मानावे लागले. ही तडजोड कोपर्निकस यांना खटकली. १५४३ मध्ये त्यांनी सूर्य मध्यभागी आणला, पण एकविध वर्तुळाकार गतीवरील श्रद्धा सोडली नाही. ती केप्लर यांनी १६०९ मध्ये सोडली. ग्रहाची कक्षा विवृत्ताकार असून त्याची चाल बदलती असते, असे त्यांनी दाखविले. वर्तुळाचा विशेष अधिकार संपल्यावरच त्याच्या कारणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

फेकले जाण्याचा प्रश्न : पृथ्वी स्वतःभोवती फिरत असती, तर चाकावरील चिखलाप्रमाणे तिच्यावरील वस्तू दूर उडाल्या असत्या, असा आक्षेप घेतला जात असे. गॅलिलीओ यांनी १६३२ मधील आपल्या संवादग्रंथात त्याचे उत्तर दिले. स्पर्शबिंदूजवळ स्पर्शिका वर्तुळापासून अत्यल्प दूर जाते. तेवढे अंतर भरून काढण्यास वस्तूचे पडणे पुरेसे होते, असे त्यांचे म्हणणे होते. विचाराची दिशा योग्य होती. पण पृथ्वी कितीही जलद फिरली, तरी वस्तू उडणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. देकार्त यांनी १६४४ मध्ये मुक्त वस्तू सरळ रेषेतच जाऊ पाहते, हे तत्त्व स्पष्ट मांडले. गोफणीतील दगड दोरी ताणतो, तो केंद्रापासून दूर जाण्याच्या त्याच्या प्रयत्नामुळे, असे ते म्हणत. त्या प्रयत्नाचे माप मात्र त्यांनी दिले नाही.

हायगेन्झ यांचे मापन : हे माप क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५९ मध्ये काढले. स्पर्शिकेवरून सरळ गेलेली वस्तू अल्प काळात वर्तुळापासून जितकी दूर जाईल, ते अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांच्या लक्षात आले. पडणाऱ्या वस्तूसाठी गॅलिलीओ यांना सापडलेला नियम हाच होता. म्हणून दोरीतील ताणाची तुलना थेट वजनाशी करता आली. स्पर्शिकेवरील अंतराच्या वर्गाला व्यासाने भागले असता वर्तुळापासूनचे अंतर मिळते. ते प्रवेग व काळाचा वर्ग यांच्या निम्म्या गुणाकाराइतके मानले की चालीचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र निघते. हायगेन्झ यांनी या प्रेरणेला ‘केंद्रोत्सारी’, म्हणजे केंद्रापासून दूर जाणारी, असे नाव दिले. लंबकाच्या घड्याळावरील १६७३ च्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी यासंबंधीची तेरा प्रमेये सिद्धतेविना छापली. सिद्धता त्यांच्या मृत्यूनंतर, १७०३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

न्यूटन यांची दिशा : हायगेन्झ यांचे काम माहीत नसताना न्यूटन यांनी १६६५ च्या सुमारास हेच माप निराळ्या मार्गाने मिळविले. वर्तुळाच्या आतून जाणारी वस्तू परिघावर चार ठिकाणी आपटून चौरस मार्गाने फिरते, अशी कल्पना त्यांनी केली. मग बाजूंची संख्या अमर्याद वाढविली. एका फेरीतील एकूण आघात आणि वस्तूचा संवेग यांचे गुणोत्तर परिघ व त्रिज्या यांच्या गुणोत्तराइतके येते, असे त्यांना आढळले. तरीही या काळातील त्यांच्या टिपणांत चंद्राच्या ‘केंद्रापासून दूर जाण्याच्या प्रयत्ना’चीच भाषा आहे. पृथ्वीच्या पृष्ठावरील गुरुत्व या प्रयत्नाच्या चार हजारांहून अधिक पट आहे, असे त्यांचे गणित आले. अपेक्षित संख्या सु. ३,६०० होती, पृथ्वीचे आकारमान त्यांनी कमी धरले असल्याने हा फरक पडला.

निर्णायक वळण १६७९ मध्ये आले. ग्रहाची गती ही स्पर्शिकेवरील सरळ गती आणि मध्यवर्ती पिंडाकडील आकर्षण यांची मिळून बनते, असा विचार रॉबर्ट हुक यांनी पत्राद्वारे न्यूटन यांच्यापुढे ठेवला. यात समतोल साधणाऱ्या दोन प्रेरणा नाहीत. प्रेरणा एकच आणि ती आतल्या दिशेने आहे. ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅली केंब्रिज येथे न्यूटन यांना भेटले व त्यानंतर न्यूटन यांनी या विषयावर एक छोटा प्रबंध लिहिला. हायगेन्झ यांच्या शब्दाला प्रतिशब्द म्हणून ‘अभिकेंद्री’ हे नाव त्यांनी घडविले. १६८७ मधील प्रिन्सिपिया या ग्रंथात चंद्राचे गणित पुन्हा मांडले गेले. चंद्र एका मिनिटात स्पर्शिकेपासून सु. १५ पॅरिस फूट पृथ्वीकडे ‘पडतो’. तो पृथ्वीच्या केंद्रापासून ६० त्रिज्या दूर आहे. अंतराच्या व्यस्त वर्गाच्या नियमानुसार पृष्ठावरील प्रेरणा ३,६०० पट हवी, म्हणजे तेथे वस्तू एका सेकंदात सु. १५ फूट पडली पाहिजे. हायगेन्झ यांच्या लंबकाच्या प्रयोगांतून हीच संख्या मिळालेली होती. आधुनिक मूल्ये (अंतर ३,८४,४०० किमी., आवर्तकाल २७·३ दिवस) घेतल्यास चंद्राचा प्रवेग सु. २·७ मिमी./से.² येतो, पृष्ठावरील ९·८ मी./से.² ला ३,६०० ने भागले असताही हेच उत्तर मिळते.

गॅलिलीओ यांच्या प्रश्नालाही आता संख्येने उत्तर देता आले. विषुववृत्तावर पृथ्वीबरोबर फिरण्यास लागणारा प्रवेग गुरुत्वाच्या सु. १/२८९ आहे. २८९ हा १७ चा वर्ग असल्याने पृथ्वी १७ पट जलद फिरती, म्हणजे दिवस सु. ८५ मिनिटांचा असता, तर विषुववृत्तावरील वस्तूंचे वजन शून्य झाले असते. पृथ्वीच्या पृष्ठालगत फिरणाऱ्या उपग्रहाचा आवर्तकालही जवळजवळ एवढाच येतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या व त्याहून उंचावरून फिरणाऱ्या पहिल्या स्पुटनिकला एका प्रदक्षिणेस सु. ९६ मिनिटे लागत.

उदाहरणे सोडविण्याची पद्धती : अभिकेंद्री प्रेरणा ही वजन, ताण, घर्षण यांसारखी स्वतंत्र प्रेरणा नव्हे, प्रत्यक्ष प्रेरणांच्या केंद्राकडील बेरजेचे ते नाव आहे. म्हणून प्रथम वस्तूवरील खऱ्या प्रेरणा दाखवाव्यात, त्यांचे केंद्राकडील घटक मिळवावेत आणि ती बेरीज द्रव्यमान व प्रवेग यांच्या गुणाकाराबरोबर मांडावी. आकृतीत अभिकेंद्री प्रेरणेचा वेगळा बाण काढल्यास तीच प्रेरणा दोनदा मोजली जाते.

दोरीला टांगलेला गोळा आडव्या वर्तुळात फिरविला असता दोरी शंकूचा पृष्ठभाग रेखते. गोळ्यावर वजन व ताण या दोनच प्रेरणा असतात. ताणाचा उभा घटक वजन पेलतो, आडवा घटक गोळ्याला वळवितो. आवर्तकाल केवळ शंकूच्या उंचीवर अवलंबून राहतो, हे हायगेन्झ यांना माहीत होते. उंची १ मी. असल्यास एका फेरीस सु. २ सेकंद लागतात. मग गोळा हलका असो वा जड.

सपाट वळणावर मोटारीला वळविणारी प्रेरणा घर्षणातून मिळते. त्रिज्या ५० मी. व चाल ताशी ३६ किमी. असल्यास प्रवेग २ मी./से.² लागतो. चाल ताशी ७२ किमी. केल्यास तो दुप्पट न होता चौपट, म्हणजे ८ मी./से.² होतो. ओल्या रस्त्यावर घर्षण एवढी प्रेरणा देऊ शकत नाही व मोटार वळणाबाहेर जाते. बाहेरून तिला कोणी ओढलेले नसते. रस्त्याची बाहेरची कड किंवा रेल्वेचा बाहेरचा रूळ उंच ठेवल्याने आधाराच्या प्रतिक्रियेचा एक घटक केंद्राकडे वळतो व घर्षणावरचा भार कमी होतो.

वळणाऱ्या बसमधील उताऱ्यास बाहेर ढकलल्यासारखे वाटते. हा अनुभव खोटा नाही, पण तो फिरत्या संदर्भचौकटीचा आहे. अशा चौकटीतून गणित करताना केंद्रोत्सारी प्रेरणा घ्यावी लागते. तेथे आणखी कोणती प्रेरणा येते, हे कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये दाखविले. उदाहरणाच्या आरंभी चौकट ठरवावी व शेवटपर्यंत तीच ठेवावी. दोन्ही चौकटींची सरमिसळ हेच बहुतेक चुकांचे मूळ असते.

आधुनिक उपयोग : १९१३ मध्ये बोर यांनी हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनाला विद्युत् आकर्षण केंद्राकडे वळविते, असे मानून हाच नियम वापरला. लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमध्ये चुंबकीय प्रेरणा चालीच्या सम प्रमाणात असल्याने कणाचा आवर्तकाल चालीवर अवलंबून राहत नाही आणि ठराविक कंप्रतेचे विद्युत् क्षेत्र त्याला प्रत्येक फेरीत गती देऊ शकते. कणाची चाल प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचली म्हणजे आवर्तकाल वाढू लागतो व सापेक्षता सिद्धांतानुसार गणितात सुधारणा करावी लागते. तथापि प्रेरणेची दिशा केंद्राकडेच राहते.