रस्त्याची रुंदी एकदाच ठरते

कोणत्याही वसाहतीत घरे पडतात, पुन्हा उभी राहतात. मालक बदलतात, भाडेकरू बदलतात. परंतु एकदा आखलेला रस्ता सहसा बदलत नाही. म्हणूनच नव्या वसाहतीचा आराखडा कागदावर असतानाच तो बारकाईने तपासला जाणे अगत्याचे ठरते. मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. अरुंद गल्ल्या, ऊन न पोहोचणाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे यांचे भयाण परिणाम साऱ्या शहराने भोगले. त्यातूनच 1898 साली कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. योगायोग असा की, मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी धावल्या त्याही 1898 सालीच. या दोन घटनांचा एकमेकींशी पुढे केवढा संबंध येणार आहे, याची कल्पना त्या वेळी कोणास असणे शक्य नव्हते.

ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे प्रशस्त मार्ग काढले आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, पाच उद्यानांचा परिसर ही त्या आखणीचीच फळे होत. येथे आधी रस्ते आखले गेले व मग घरे बांधली गेली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड व हवा यांसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पाठपुरावा केला. इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून अधिक नसावी, असा त्याचा सरळ अर्थ. रस्त्याचे माप लावताना ऊन, वारा व रहदारी यांचा विचार झाला; दारापुढे रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या वाहनांचा मात्र झाला नाही.

1933 साली ट्रस्टचे काम महानगरपालिकेत विलीन झाले. पुढे मोटारी वाढल्या आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत प्रत्येक इमारतीने आपल्या आवारात किती वाहनांची सोय करावी, याचे प्रमाण घातले गेले. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व साडेपाच मीटर लांब, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर जागा धरण्यात आली. चाळीतील कित्येक कुटुंबांचा सारा संसार याहून लहान खोलीत झाला आहे. आवारात सोय न झाल्यास वाहन रस्त्यावर येते. नऊ मीटरांच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या की पाच मीटर खर्ची पडतात. उरलेल्या चार मीटरांत येणारी-जाणारी वाहने, शाळेची मुले, वृद्ध माणसे आणि प्रसंगी अग्निशामक बंब, या सर्वांचा हिशेब कसा जुळावा?

हा हिशेब विचारण्याचा अधिकार कायद्याने नागरिकांस दिला आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. हा अधिकार कागदापुरताच नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप आराखड्यातील चुकांवर हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये शासनाने तो नव्याने करण्याचा आदेश दिला. 2016 साली सुधारित प्रारूप आले आणि 2018 साली त्यास मंजुरी मिळाली.

मात्र आराखडा साधारणतः वीस वर्षांतून एकदाच होतो. त्यानंतर एखाद्या इमारतीचा प्रस्ताव अधिकारी नियमांच्या आधारे तपासतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुनावणी सहसा होत नाही. इमारत उभी राहिल्यावर होणाऱ्या तक्रारी म्हणूनच बहुधा निष्फळ ठरतात. दादर-माटुंग्यातील जुन्या दुमजली-तिमजली घरांच्या जागी आज उंच इमारती येत आहेत. कुटुंबे वाढली, वाहने वाढली. रस्ता पूर्वजांनी आखून दिला तेवढाच राहिला.

कापडाचे माप कात्री लावण्यापूर्वी घ्यावयाचे असते. नगराचेही तसेच आहे. प्रारूप आराखडा जाहीर होताच आपल्या गल्लीचा नकाशा पाहणे, रुंदी मोजणे व मुदतीत लेखी हरकत देणे, हे प्रत्येक सुजाण नागरिकाचे कर्तव्य होय. पुढील पिढ्यांना घरे आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधता येतील. रस्ता मात्र त्यांना आजच्या पिढीने ठेवला तेवढाच मिळेल.