व्यक्तिवाचक शास्त्रीय नावे (भारतीय उपखंडातील पक्षी)

पक्ष्याच्या शास्त्रीय नावात पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे आणि असल्यास तिसरे उपजातीचे असते. दुसऱ्या वा तिसऱ्या पदात, क्वचित पहिल्यातही, एखाद्या व्यक्तीचे नाव लॅटिन रूप देऊन योजतात. त्यास व्यक्तिवाचक शास्त्रीय नाव म्हणतात. प्राण्यांच्या नामकरणात लिनीअस यांच्या ‘सिस्टिमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासूनची (१७५८) नावे ग्राह्य धरतात. भारतीय उपखंडातील पक्ष्यांना अशी नावे मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मिळाली. त्यामुळे त्यांत कंपनी सरकारचे अधिकारी, लष्करी डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ, मिशनरी आणि त्यांच्या पत्नी यांचाच भरणा आहे. पक्षी पकडणारे, कातडी सोलून भरणारे आणि चित्रे काढणारे देशी सहकारी त्यांत जवळजवळ सापडत नाहीत. हे संग्रह त्यांच्याच हातांनी उभे राहिले, म्हणून ही या नामावलीतील सर्वांत मोठी उणीव मानावी लागते.

रचना : नावाला षष्ठीचा लॅटिन प्रत्यय लागतो. पुरुषासाठी ‘ई’ (जेर्डोनी), स्त्रीसाठी ‘ए’ (गोल्डिए), अनेकांसाठी ‘ओरम’ (बुगुनोरम). काही नावे विशेषणाच्या रूपात येतात, उदा. इंपेजानस. पुरुषाच्या नावाला एक ‘आय’ लावायचा की दोन, हे मूळ वर्णनकाराच्या लेखनावर ठरते आणि ते लेखन पुढे बदलता येत नाही. त्यामुळे काठमांडूचे ब्रिटिश रेसिडेंट ब्रायन हॉजसन यांचे नाव कोलुंबा हॉजसोनिई (१८३२) या कबुतरात दोन ‘आय’ने, तर अँथस हॉजसोनी (१९०७) या तीरचिमणीत एका ‘आय’ने लिहिले जाते. नावापुढे वर्णनकर्ता व वर्ष देतात. ते कंसात असल्यास पक्षी मूळ वर्णनानंतर दुसऱ्या वंशात हलविला गेला, असे समजावे. स्वतःचे नाव स्वतःच शोधलेल्या पक्ष्याला न देण्याचा संकेत आहे. तो नियम नव्हे.

शोधाची रीत : व्यक्तीचा माग काढताना प्रथम मूळ वर्णन पाहतात. एकोणिसाव्या शतकातील लेखक पुष्कळदा नाव कोणावरून दिले हे सांगत नसत. त्यांच्या वाचकांना ते ठाऊक असे. अशा वेळी नमुन्याला बांधलेली चिठ्ठी, संग्रहालयाची नोंदवही, लष्करी अधिकाऱ्यांच्या याद्या आणि मृत्युलेख यांवरून व्यक्ती ठरवावी लागते. या विषयाचे स्वतंत्र कोशही आहेत. जेम्स जॉब्लिंग यांचा पक्षिनामांचा कोश त्यांपैकी विशेष उपयोगी आहे.

नुसत्या उच्चारसाम्यावर विसंबल्यास फसगत होते. चातकाच्या क्लॅमेटर जेकोबिनस या नावात जेकब नावाची कोणी व्यक्ती नाही. काळ्यापांढऱ्या वेशातील जेकोबिन (डॉमिनिकन) साधूंवरून ते आले आहे. स्यूडोपोडोसीस ह्युमिलिस या तिबेटी पठारावरील पक्ष्याचे वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीच १८७१ मध्ये केले, परंतु त्यातील ह्युमिलिस म्हणजे लॅटिनमध्ये ‘जमिनीलगतचा, नम्र’. त्याचा ह्यूम यांच्या नावाशी संबंध नाही. सॅम्युएल टिकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निळ्या माशीमाराचे शास्त्रीय नाव सायोर्निस टिकेलिए असे स्त्रीलिंगी आहे, म्हणजे ते टिकेल यांचे स्वतःचे नव्हे. ॲनोऱ्हायनस टिकेली या धनेशाच्या नावात मात्र तेच आहेत.

दख्खन व साइक्स : महाराष्ट्राच्या दृष्टीने विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांचे नामकरण सर्वाधिक महत्त्वाचे आहे. मुंबई लष्करातील हे अधिकारी १८२४ पासून दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर होते. जमीनधारा, पिके, हवामान यांबरोबरच त्यांनी पशुपक्ष्यांचे नमुने जमविले आणि दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. तीत मुंबईच्या लागोपाठच्या दोन गव्हर्नरांना स्थान मिळाले आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (कारकीर्द १८१९–२७) यांचे नाव कोलुंबा एल्फिन्स्टोनिई या रानकबुतराला दिले गेले. घाटमाथ्याच्या सदाहरित रानात राहणारा हा पक्षी मानेवरील काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पट्ट्यावरून ओळखू येतो. त्याचे प्रचलित इंग्रजी नाव निलगिरीवरून असले, तरी महाबळेश्वरच्या रानातही तो आहे. एल्फिन्स्टननंतर आलेले सर जॉन माल्कम (१८२७–३०), ज्यांच्यावरून महाबळेश्वरच्या पेठेला माल्कम पेठ म्हणत, त्यांचे नाव आर्ग्या माल्कमी या करड्या सातभाईला मिळाले. माळरानावर, शेताच्या बांधावर थव्याने फिरणारा हा पक्षी उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसे दाखवतो.

तिसरे नाव इथोपिगा व्हिगोर्सिई. उत्तर सह्याद्रीतील या शिंजिराच्या नराच्या किरमिजी छातीवर पिवळ्या रेघा असतात. झूलॉजिकल सोसायटीचे पहिले सचिव निकोलस व्हिगर्स यांच्या नावे तो आहे. त्याच वंशातील हिमालयी शिंजिराला व्हिगर्स यांनी आदल्याच वर्षी चित्रकार एलिझाबेथ गोल्ड यांचे नाव दिले होते (इथोपिगा गोल्डिए, १८३१). जंगली सातभाईच्या कोकण-सह्याद्रीतील उपजातीच्या सोमरव्हिलिई या नावातही साइक्स यांनी एका व्यक्तीचा गौरव केला आहे.

साइक्स यांनी माणसांबरोबर देवादिकांची नावेही योजली. गॅलेरिडा देव्हा हा तुरेवाला चंडोल आणि इडुना रामा हा वटवट्या ही त्याची उदाहरणे होत. पिवळ्या धोब्याच्या एका उपजातीला त्यांनी दिलेले ‘बीमा’ हे नाव भीमा नदीवरून की पांडव भीमावरून, याविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. देव्हा व रामा यांच्या पंक्तीत ते पाहिल्यास दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. मराठ्यांचे व दख्खनचे नाव धारण करणारी माहरटेन्सिस (रातवा) आणि दुखुनेन्सिस (लहान चंडोल) ही नावे प्रदेशवाचक असल्याने येथे विचारात घेतलेली नाहीत. खुद्द साइक्स यांचे नाव काळ्या डोक्याच्या कोकीळ-खाटिकाच्या उपजातीला आहे (स्ट्रिकलँड, १८४४).

फेअरबँक : मॉन्टेसिंक्ला फेअरबँकी (ब्लॅनफर्ड, १८६९) हा पळणी डोंगरावरील हसरा कस्तूर. त्याच्या नावातील सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–९८) हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी असून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव भागांतील पक्ष्यांची त्यांची यादी ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७६ मध्ये आली. नाव तमिळ प्रदेशातील पक्ष्यावर असले, तरी कार्य मुख्यतः महाराष्ट्रातील आहे.

ब्लूइट व रानपिंगळा : रानपिंगळ्याचे हेटरोग्लॉक्स ब्लूइटी हे नाव ह्यूम यांनी १८७३ मध्ये दिले, पुढे तो अथीनी वंशात गणला गेला. एफ. आर. ब्लूइट हे ह्यूम यांना नमुने व निरीक्षणे पाठविणाऱ्या अनेक निरीक्षकांपैकी एक. मूळ नमुना आजच्या छत्तीसगडच्या पूर्वभागातला. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात काही नमुने मिळविले, आणि १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात १९१४ चा, गुजरातमधील मांडवीचा म्हणून एक नमुना होता. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असून पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावल्याचे सिद्ध झाले. खोटे ठिकाण बाद केल्यावर शोध खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ (तेव्हा धुळे, आता नंदुरबार जिल्हा) रानपिंगळा जिवंत आढळला. चिठ्ठीवरील मजकूर किती निर्णायक ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण भारतीय पक्षिशास्त्रात नाही.

जर्डन व ब्लिथ : मद्रास लष्कराचे डॉक्टर टी. सी. जर्डन आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहपाल एडवर्ड ब्लिथ यांनी एकमेकांना नावे दिली. क्लोरॉप्सिस जेर्डोनी (१८४४) ब्लिथ यांचे. स्टर्निया ब्लिथिई (१८४५) आणि ट्रॅगोपान ब्लिथिई (१८७०) जर्डन यांची.

स्त्रिया : हिमालयी मोनालाचे लोफोफोरस इंपेजानस (लॅथम, १७९०) हे नाव कलकत्त्याच्या सरन्यायाधीशांच्या पत्नी मेरी इंपी यांचे. त्यांच्या प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे शेख झैनुद्दीन, भवानी दास व राम दास यांनी काढली. या तिघांपैकी कोणाचेही नाव प्रचलित पक्षिनामांत नाही. हॉजसन यांनी पत्नीच्या नावे पर्डिक्स हॉजसोनिए (१८५७) हा तितर आणि ह्यूम यांनी सिर्मॅटिकस ह्युमिए (१८८१) हा मणिपूरचा फेझंट नोंदविला. सोनपाठी सुताराची टेहमिनी ही उपजात (व्हिस्लर व किनिअर, १९३४) सालिम अली यांच्या पत्नी तेहमिना यांची. त्रावणकोरच्या पाहणीत त्या पतीबरोबर होत्या.

अलीकडील नावे : सालिम अली (१८९६–१९८७) यांचे नाव ‘सालिमलिई’ या रूपाने अनेकदा आले आहे. डेव्हिड लॅक यांची पाकोळी (१९५८), हुमायून अब्दुलअली यांनी वर्णिलेली फिनच्या सुगरणीची उपजात (१९६०) आणि पूर्व हिमालयातील झूथेरा सालिमलिई हा कस्तूर (२०१६) ही त्यांपैकी प्रमुख होत. श्रीलंकेतील एका पिंगळ्याला २००४ मध्ये निसर्गसंरक्षक थिलो हॉफमन यांचे नाव मिळाले. अरुणाचल प्रदेशातील लायोसिक्ला बुगुनोरम (२००६) हे या सर्वांत वेगळे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील रमणा अत्रेय यांनी ईगलनेस्टच्या रानाजवळ राहणाऱ्या बुगुन समाजाचे नाव त्याला दिले. पक्षी फारच थोडे असल्याने एकही मारला नाही. जाळ्यात धरून सोडलेल्या पक्ष्याची पिसे, छायाचित्रे व आवाज यांवर वर्णन आधारले.

नावबदल : अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या अखत्यारीतील पक्ष्यांची व्यक्तिवाचक इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले. शास्त्रीय नावांना ते लागू नाही. व्यक्ती आक्षेपार्ह ठरली म्हणून नाव रद्द करण्याची तरतूद प्राण्यांच्या नामकरणसंहितेत नाही. अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणेकडील सेनानी जॉन मकाऊन यांच्यावरून ओळखल्या जाणाऱ्या उत्तर अमेरिकन पक्ष्याचे इंग्रजी नाव २०२० मध्ये बदलले, परंतु त्याचे ऱ्हिंकोफेनीस मकाऊनिई हे शास्त्रीय नाव कायम आहे.