मोहफुलाची वाट: उरणच्या खाडीपासून कुरखेड्यापर्यंत

गेल्या खेपेला आपण रानभाज्यांवर बोललो. आज थोडं लांब जायचं आहे, पार समुद्रापर्यंत. गाडीचं तिकीट लागणार नाही. सूप हातात असेल तर हातातच राहू द्या, निवडता निवडता ऐका.

तुम्ही म्हणाल, आपण कुरखेड्याच्या बाया, सती नदीच्या काठच्या. आपला समुद्राशी काय संबंध? मिठाचा तर आहेच. बस्तरपासून आपल्या जंगलापर्यंत चारोळी देऊन मीठ घेण्याचा व्यवहार जुन्या माणसांच्या आठवणीत अजून आहे. महागातली चारोळी जायची आणि स्वस्तातलं मीठ यायचं. पण समुद्राकडून आपल्याकडे आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे एक कायदा. आपल्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलाला ज्या कायद्याने दारूचा कच्चा माल ठरवलं, त्याचं मूळ कोकणच्या किनाऱ्यावर आहे. म्हणून आपली वाट तिथूनच सुरू करू आणि काय खाल्लं, काय प्यायलं जात होतं ते बघत घराकडे येऊ.

पहिला मुक्काम उरण. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे. दीडशे वर्षांपूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आता रायगडात आहे. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि माडाच्या वाड्या. जेवण बरंचसं आपल्यासारखंच, भाताचं. आपल्याकडे भातासोबत जवसाची चटणी, तिकडे सुकट नाहीतर सुका बोंबील. आपण आंबील पितो, ते पेज पितात. आणि झाडाचा रस दोन्हीकडे. किनाऱ्यावरचे भंडारी लोक माडावर, ताडावर चढून माडी उतरवत. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, एटापल्ली-भामरागडकडे, गोरग्याचा रस काढतात. झाड वेगळं, पण मडकं तसंच आणि सकाळच्या रसाची गोडीही तीच.

उरणमध्ये आणखी एक गोष्ट होती, दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या. त्या बहुतेक पारशी व्यापाऱ्यांच्या हातात होत्या. मुंबई शहरातले गिरणीकामगार, हमाल, खलाशी जी देशी दारू पीत, तिच्यातली पुष्कळशी इथे गाळली जाई. आणि कशाची, ते ऐका. मोहाची! समुद्राच्या काठावर, माडांच्या गर्दीत मोहाची दारू. त्यासाठी फुलं येत गुजरातच्या पंचमहालातून, दोहद-गोध्र्याकडून. तिथल्या भिल्ल बायांनी पहाटे उठून वेचलेली फुलं शेकडो मैल जाऊन उरणच्या पिंपात पडत.

आता सरकारची नजर यावर गेली. 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. त्याआधी गावोगावी लहान भट्ट्या होत्या, घरच्यापुरती गाळणारेही होते. या कायद्याने गाळणं ठरावीक मोठ्या भट्ट्यांत आणलं आणि त्यावर भारी कर बसवला. माडी काढायची तर प्रत्येक झाडामागे कर. इलाख्यात मीठ आणि अबकारी ही दोन्ही कामं एकाच खात्याकडे होती. मिठावर कर बसवणाऱ्याच साहेबांनी दारूवरही बसवला. त्याच 1878 सालच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने शेजारच्या गोव्यातल्या मिठावरही इंग्रजांचा ताबा आला. म्हणजे त्या एका वर्षात अख्ख्या किनाऱ्याचं मीठ आणि पेय सरकारी वहीत चढलं असं म्हणायला हरकत नाही.

पण ठाण्या-कुलाब्याच्या डोंगरातल्या वारली, ठाकर, कातकरी घरांत मोह होताच. दारी झाड, झाडाखाली फुलं. सरकारी दुकानाची महाग दारू कोण घेणार? लोक आपलं आपण गाळत राहिले. ते थांबवायचं तर घरोघरी भट्टी शोधत फिरावं लागे. त्यापेक्षा फुलालाच हात घातलेला बरा, असा विचार अबकारी खात्यात सुरू झाला. एकदा असा प्रस्ताव येऊन बारगळलाही होता. हे फूल गरिबाचं खाणं आहे, गुरांचा चारा आहे, ही तेव्हाची हरकत. तरी 1892 साली मोहाचा वेगळा कायदा झालाच. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुलं जमवणं, जवळ ठेवणं, विकणं यावर बंधनं आली.

इथे जरा थांबू या. दूरच्या पंचमहालातून उरणच्या भट्टीला आलेलं फूल कायदेशीर, आणि कातकरी बाईच्या दारातल्या झाडाचं फूल मात्र गुन्हा. फूल एकच होतं. फरक इतकाच की एकावर कर मिळत होता, दुसऱ्यावर नाही. लोकांनी दारू पिऊ नये म्हणून हा कायदा झाला असं कुणी सांगितलं, तर आम्हाला ते पटत नाही. लोकांनी सरकारचीच दारू प्यावी, यासाठी तो होता.

आता किनारा सोडू. घाट, खानदेश, वऱ्हाड, नागपूर... हा मधला पट्टा आज झोपेतच ओलांडू, नाहीतर आपला वेळ संपेल. वैनगंगा ओलांडली की वडसा. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे येते ती इथेच. वडशाहून कुरखेडा, कुरखेड्याहून पुढे कोरची आणि छत्तीसगडची हद्द. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे बांध, आणि बांधावर मोह. शेत करताना बाकी झाडं तोडली, पण मोह कुणी तोडला नाही. ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या घरांच्या वाटणीत येतात.

त्या काळी हा मुलूख वेगळ्या राज्यात होता. 1854 साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी घेतलं, 1861 साली मध्य प्रांत झाला आणि आपण चांदा जिल्ह्यात होतो. गेवर्धा, सोनसरी, पळसगड ही सगळी जमीनदारीची ठिकाणं. मुंबईचा 1892 चा कायदा इथे नव्हता. इथली रीत दुसरी होती. दूरच्या जंगलात दारू गाळण्याच्या हक्काचाच लिलाव होई. ठेकेदार पैसे भरी, भट्टी लावी आणि जितके भरले त्याहून जास्त वसूल करी. त्यामुळे पिणारे जितके वाढतील तितकं त्याला हवंच होतं. गोंडांच्या घरात जन्म, लगीन, मरण, पेन यांना पानाच्या दोन्यातून मोहाचे थेंब वाहण्याची रीत फार जुनी. तिला आणि ठेकेदाराच्या भट्टीला एकाच मापाने मोजू नये, असं आमचं मत आहे. दोन्यात मावत होतं तोवर ते देवाचं होतं.

पण फुलाची खरी जागा स्वयंपाकघरात. फागुन सरता सरता झाडाची पानं गळतात आणि फुलं धरतात. रात्रीतून टपटप पडतात. पहाटेच्या अंधारात बाया आणि लेकरं टोपल्या घेऊन झाडाखाली. उशीर झाला तर गुरं खातात, आणि जंगलात अस्वलही येतं. फूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून कधी वणवा लागतो. त्यापेक्षा पाला झाडून बाजूला सारावा किंवा झाडाखाली जुनं लुगडं, जाळी अंथरावी, हे आपण याआधीही बोललो आहोत.

ओलं फूल पिवळट, रसरशीत. उन्हात चार-पाच दिवस पडलं की लालसर तपकिरी होतं, मनुक्यासारखं सुरकुततं. मग कणगीत जातं. पुढे वर्षभर त्याचं काय काय होतं! भाजून तिळासोबत कुटलं की लाडू. चिंचोके भाजून, सोलून मोहासोबत शिजवले की पोटभरीचं जेवण. उकडून, वाटून कणकेत मळलं की गोड पोळी. पिठात साखर घालायला नको. आटवून राब केला तर बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना गोड. नांगराच्या बैलालाही मूठभर मिळतं. जेठात फळं पिकतात. त्यांच्या बियांना आपण टोळ म्हणतो. तिचं तेल खायला, दिव्याला, भेगाळलेल्या टाचांना. तेल काढून उरलेली ढेपही फुकट जात नाही.

1896-97 आणि 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. धान बुडालं तेव्हा जंगलाजवळच्या माणसांना मोह, कंद, तेंदूची फळं यांनी तगवलं. सरकारचे अधिकारीही हे जाणून होते. मोह धानासारखा रुसत नाही. पाऊस कमी झाला तरी मुळं खोल असल्याने फुलतो. ज्या घरात कणगीच्या तळाशी दोन पायल्या मोह असे, त्या घरातल्या बाईला आषाढ कसा काढायचा ही चिंता थोडी कमी असे.

आता समुद्रावरचा कायदा आपल्यापर्यंत कसा पोचला ते बघू. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 साली दारूबंदीचा कायदा केला. हेतू यावेळी वेगळा होता, महसुलाऐवजी खरोखर दारू थांबवण्याचा. पण त्यात मोहफुलाकडे बघण्याची जुनी नजर तशीच राहिली. 1950 साली मोहफुलांचे वेगळे नियम झाले. फूल किती ठेवायचं, कुठे न्यायचं, कुणाला विकायचं, सगळ्याला परवान्याची अट. 1956 साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि त्यामागोमाग तो कायदा आपल्याकडे आला. 1960 साली महाराष्ट्र झाला, 1982 साली चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, नियम मात्र तेच.

याचा चिमटा कुणाला बसला? फूल वेचणारी बाई, वाळवणारी बाई, बाजारात नेणारीही बाई. साठवायला भीती, म्हणून चैतातच व्यापाऱ्याला द्यायचं, तो म्हणेल त्या भावाने. पावसाळ्यात तेच फूल महाग होतं, तेव्हा ते व्यापाऱ्याच्या गोदामात असतं. नियमांचा दारूला किती अडथळा झाला ते आपल्या गावांना विचारा. लाडवाला मात्र पुष्कळ झाला.

कुणी म्हणेल, तुम्ही दारूची बाजू घेता काय? नाही. याच जिल्ह्याने दारूबंदी मागून घेतली आहे. 1988 पासून गावागावांत बैठका, मोर्चे, ठराव झाले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते होते, आणि त्यांच्यासोबत हजारो साध्या बाया होत्या. 1993 साली गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूरमध्ये 2015 साली आली आणि 2021 साली उठवली गेली. आपल्याकडे ती अजून आहे. ती किती पाळली जाते हे आपल्याला माहीत आहे. तरी ती असावी असं म्हणणाऱ्या बायांमध्ये आम्हीही आहोत. दारू बंद करा असं आपण म्हटलं, मोह बंद करा असं कधीच म्हटलं नाही. ज्या बाईने रात्री नवऱ्याचा मार खाल्ला, तीच पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाते, कारण त्या फुलावर तिच्या लेकीची वही-पुस्तकं येतात.

हा फरक कायद्याला कळायला फार वेळ लागला. 1996 च्या पेसा कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभेला दोन्ही गोष्टींत अधिकार दिला, गौण वनोपजाची मालकी आणि नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा हक्क. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करणं, वापरणं, विकणं हा हक्क मानला. धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली त्यांनी आपला बांबू आपल्या परवान्याने विकला. तरी मोहफुलाचे 1950 चे नियम बाजूला होते तिथेच होते. अखेर 2021 साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठवले. ठाण्या-कुलाब्यातल्या त्या पहिल्या कायद्यापासून मोजलं तर 129 वर्षं झाली होती.

आणि आता गंमत. 2022 च्या एप्रिलमध्ये, ऐन मोह पडण्याच्या दिवसांत, सरकारने ठरवलं की काजूची बोंडं आणि मोहफुलं यांपासून बनणाऱ्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचा. ऐकलंत ना? आपल्या बांधावरचा मोह, आणि दर्जा विदेशी! काजूचं एक वेळ समजू. ते झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. गोव्याच्या बायाही आपल्यासारख्याच उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाखाली पडलेली बोंडं वेचतात. त्या रसाच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली गोवा सरकारने तिला वारशाचा मान दिला. बाहेरून आलेलं झाड तिथे घरचं झालं आणि आपलं घरचं फूल कागदावर परदेशी.

या निर्णयाने मोहाला भाव येईल असं काहीजण म्हणतात. येईलही. पण कारखाना निघाला तरी त्याची बाटली आपल्या जिल्ह्यात विकता येणार नाही, दारूबंदी आहे. म्हणजे फूल इथलं, मद्य बाहेरचं. पंचमहाल आणि उरणचं तसंच होतं. म्हणून यंदा मोह पडायच्या आधी आपल्या ग्रामसभांत तीन गोष्टी मांडा. फूल साठवायला गावची खोली कुठे करायची, भाव कोण ठरवणार, आणि आपल्या बचत गटाच्या लाडवांना शाळेच्या, अंगणवाडीच्या खाऊत जागा मागायची का. ठराव लिहिताना वहीत ‘मोहफूल’ या शब्दापुढे ‘खाद्य’ असं लिहायला सांगा, आणि सही करण्याआधी ते वाचून घ्या.