बंदीआधीचा सगळ्यात मोठा बैल कोणता?

परवा पिंपळे सौदागरमध्ये चहाच्या टपरीवर दोन आजोबांची चांगलीच जुंपली. वाद काय, तर बंदीच्या आधीच्या काळात खरा मोठा बैल कोणाचा. एक म्हणे भोसरीकडचा, दुसरे मावळातला सोडून बोलेनात. शेजारी उभी आयटीवाली पोरं नुसती बघत राहिली.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगतो. सांगली-साताऱ्याकडे गाडीवर हाकणारा बसतो. आपल्या खेड, जुन्नर, मावळ, हवेलीच्या घाटात गाड्यावर कोणीच नसतं. चार बैल, पुढे पळणारी घोडी, चढाचा घाट आणि घड्याळ. म्हणजे मोठेपण द्यायला ड्रायव्हरच नाही! मग ते द्यायचं कोणाला? फेटा बांधून ढाल घेणाऱ्या मालकाला, वर्षभर खुराक देणाऱ्या गड्याला, की बैलाला? त्यात गाडा जुगलबंदीचा असेल तर दोन बैल एकाचे, दोन दुसऱ्याचे.

लोक सेकंद सांगतात. पण निमगावचा घाट वेगळा, थापलिंगचा वेगळा, नाणोलीचा वेगळा. लांबी वेगळी, चढ वेगळा, आणि तेव्हा घड्याळ माणसाच्या हातात. एका घाटाचे सेकंद दुसऱ्या घाटाला लावता येत नाहीत.

माझा हिशोब वेगळा आहे. 1950 च्या दशकात फँजिओ नावाच्या अर्जेंटिनाच्या ड्रायव्हरने पाच वेळा फॉर्म्युला वन जिंकली, तीही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांतून. गाडी बदलली तरी माणूस तोच पुढे. बैलालाही तेच लावा. जोडीदार बदलला, घाट बदलला, पौषातल्या थंडीत पळाला आणि वैशाखाच्या उन्हातही पळाला, तरी बारी नंबरात, तो मोठा. एका जत्रेत घाटाचा राजा झालेला माझ्या यादीत नाही. आणि चाबूक, टोचणी लावून पळवलेला तर मुळीच नाही. हे काहींना झोंबेल, पण 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या त्या याच छळाच्या मुद्द्यावर. राज्याने 2017 ला कायदा बदलला, तरी परवानगी मिळाली 16 डिसेंबर 2021 ला, आणि घटनापीठाचा शिक्का 18 मे 2023 ला.

मधली साडेसात वर्षं माणसाला काहीच नाहीत. बैलाचं तेवढ्यात आयुष्य निघून जातं. 2014 ला ऐन भरात असलेला खिलार परवानगी आली तेव्हा म्हातारा होता, किंवा नव्हताच. कितीतरी दोन दाती खोंड घाट न बघताच दावणीला वाढले. आज प्रत्येक बारीचा व्हिडिओ निघतो, मिलीसेकंदापर्यंत आकडा येतो. त्यामुळे पोरांना वाटतं मोठे बैल 2021 नंतरच जन्मले.

यात दोष माझाही आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी जत्रांच्या बातम्या द्यायचो. त्यात प्रमुख पाहुण्यांची सात-आठ नावं, बक्षिसाची रक्कम, गाडामालक, सगळं असायचं. बैलाचं नाव एकदाही लिहिलं नाही. सेकंदही नाहीत. जागा कमी असायची म्हणा, पण पाहुण्यांना बरोबर पुरायची.

आता त्या दोन आजोबांकडे वही घेऊन बसायला सुरुवात केलीय. तुमच्या घरी 2014 च्या आधीचं जत्रेचं हँडबिल, ढालीवरची अक्षरं, गोठ्यातला फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. मागे बैलाचं नाव, घाट आणि साल लिहून. मालकाचं नाव नंतर बघू.