धान्याचं घर, जनावरांचं घर, गाडीचं घर



"आई, आम्ही बार्न बांधतोय," असं लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. बार्न म्हणजे गोठा, एवढं इंग्रजी मला येतं. म्हटलं, "एवढं शिकून तू गोठ्यात राहणार?" ती हसत सुटली. मग रात्री नकाशा पाठवला. पेनसिल्व्हेनियात गावाबाहेर जागा घेतलीय, त्यावर लाल पत्र्याचं, उंच छपराचं लांबलचक घर. त्यातला जवळजवळ निम्मा भाग गॅरेज! तीन गाड्या, बर्फ काढायचं यंत्र, जावईबापूंचं सुतारकामाचं टेबल. आणि गॅरेजच्या भिंतीला लागून एक खोली, तिच्यावर लिहिलेलं: आई-बाबा. त्या खोलीतून थेट गॅरेजमध्ये उघडणारं दार. "बर्फातून तुम्हाला चालावं लागू नये म्हणून," असं तिचं म्हणणं.

माया कळत होती, पण ते दार मला पहिल्या रात्रीपासून खटकलं. का ते सांगता येईना. यांना विचारलं तर म्हणाले, "तुला तिकडं जायचंच नाही, म्हणून खोड काढतेस." त्यात थोडं खरंही होतं. मग मी वाचायला बसले. दुपारच्या वेळी तासभर, महिनाभर. आज तेच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे बार्न हा मुळात गोठा नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'बेरे' म्हणजे सातू आणि 'अर्न' म्हणजे घर. सातूचं घर, म्हणजे आपल्या भाषेत कोठार. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांनी जे बार्न बांधले ते साधारण तीस बाय चाळीस फुटांचे, तीन खणांचे असत. एका खणात कापून आणलेलं पीक, एका खणात बहुधा जनावरं, आणि मधल्या खणात खळं. हो, खळं घरात! आपल्याकडं मळणी उघड्यावर व्हायची, मधे तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरायची, कारण सुगीच्या दिवसांत आपल्याला पावसाची भीती नसते. तिकडं थंडी आणि पाऊस, म्हणून खळ्यावर छप्पर. मधल्या खणाला समोरासमोर दोन मोठी दारं असत. भरलेली गाडी एका दारानं आत यायची आणि रिकामी होऊन दुसऱ्यानं बाहेर जायची. दोन्ही दारं उघडली की वारा खेळायचा, त्यात धान्य उफणायचं. आजच्या गॅरेजच्या त्या भल्यामोठ्या दाराची आजी म्हणजे हे दार.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या खोऱ्यात डच लोकांचे बार्न वेगळे होते, आणि पेनसिल्व्हेनियात जर्मन-स्विस लोकांचे आणखी वेगळे. हे शेवटचे मी मागच्या खेपेला लँकेस्टर भागात पाहिलेत, तेव्हा मात्र नुसते फोटो काढून पुढं गेले. ते उतारावर बांधलेले असतात. वरच्या अंगानं गाडी सरळ माडीवर जाते, चारा-धान्य तिथं. खालच्या अंगानं जनावरं आत शिरतात. माडीचा एक भाग पुढं आलेला असतो, त्याच्या सावलीत गुरं उभी राहतात. चारा वर चढवायला नको, भोकातून खाली ढकलला की थेट गव्हाणीत. आमच्या सासूबाई माळ्यावरून कडबा खाली टाकायच्या, त्याची आठवण झाली.

तो लाल रंगही उगाच नाही. जवसाच्या तेलात लोखंडाच्या गंजाची लाल भुकटी, आपला गेरूच म्हणा, घालून लाकडाला फासत. स्वस्त, घरच्या घरी होणारा, लाकूड टिकवणारा. बार्न उभारायला सगळा गाव लोटायचा. आमिश लोक आजही एका दिवसात सांगाडा उभा करतात. पुरुष वर खांब-तुळयांवर आणि खाली बायका शंभर माणसांचा स्वयंपाक करतायत. आपल्याकडची इर्जिक, आपला पैराच तो. (स्वयंपाकाची इर्जिक कधी कुणी केल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही!)

१८६७ मध्ये आयोवातल्या विल्यम लाउडन नावाच्या माणसानं छपराच्या आतून धावणाऱ्या रुळावर गवत वाहून नेण्याच्या साधनाचं पेटंट घेतलं. मग गवत कितीही उंच रचता येऊ लागलं, आणि छपरं उंच झाली. प्रत्येक पाखी मधेच एकदा मोडलेली, वर सपाटसर आणि खाली उभी, असं जे छप्पर आपण चित्रांत पाहतो त्याचा फायदा एवढाच की आत गवताला जागा जास्त. लेकीच्या घराचं छप्पर तसंच आहे. आत गवत नाही, तिथं नातवंडांची खेळायची जागा.

आता माझ्या दाराकडं येते.

राहतं घर आणि गोठा एकत्र असावा की वेगळा, हा प्रश्न फार जुना आहे. माझं माहेर कोल्हापूरकडचं. दारातून आत आलं की एका हाताला जनावरं, मग पायरी चढून सोपा, मग माजघर. रात्री म्हैस खूर आपटायची ते आम्हाला अंथरुणात ऐकू यायचं. उत्तर जर्मनीतही अशीच घरं होती, एकाच मोठ्या छपराखाली एका टोकाला चूल आणि दोन्ही कडांना गुरं. पण पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मनांनी बहुतेक ठिकाणी घर इकडं आणि बार्न तिकडं असंच केलं.

उलट वर न्यू इंग्लंडमध्ये, मेन आणि न्यू हँपशरकडं, एकोणिसाव्या शतकात लोकांनी सुटी सुटी घरं एकाला एक जोडली. पुढं मोठं घर, त्याला चिकटून स्वयंपाकघर, मग लाकूडफाटा नि गाडीची पडवी, आणि शेवटी बार्न. ओळीनं, आगगाडीसारखं. सगळे म्हणतात बर्फामुळं. पण थॉमस हबका यांनी १९८४ साली या घरांवर पुस्तक लिहिलं, त्यात ते म्हणतात की नुसतं बर्फ हे कारण पुरत नाही. बर्फ तर इतर राज्यांतही पडतो, तिथं कुणी अशी घरं जोडली नाहीत. या भागातली जमीन खडकाळ, पश्चिमेकडच्या सुपीक शेतांशी टक्कर देणं कठीण. म्हणून इथलं कुटुंब शेतीबरोबर घरात दहा उद्योग करायचं, आणि त्या कामांना जोडलेल्या जागा सोयीच्या होत्या. त्यातलं लोणी, साठवणीचे पदार्थ, शिवण ही कामं बायकांची. म्हणजे ज्या खोल्यांनी घर बार्नला जोडलं गेलं, त्या बायकांच्या कामाच्या खोल्या. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

पण या जोडघरांना एक शाप होता, आगीचा. ओलसर गवत रचून ठेवलं की आतल्या आत तापतं आणि कुणी काडी न लावताही पेटतं. गंजी पेटलेली आपल्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. सुटा बार्न जळाला तर घर तरी वाचे. जोडलेला जळाला की एका रात्रीत सगळंच.

मग मोटारगाडी आली. सुरुवातीला ती घोड्याच्या जागेतच राहायला गेली, परसात, घरापासून लांब. पेट्रोलची लोकांना गवताइतकीच धास्ती होती. शिकागोत फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेल्या रोबी हाउसला १९१० मध्येच तीन गाड्यांचं गॅरेज घराला जोडलेलं होतं, पण ते श्रीमंताचं कौतुक. गॅरेजची दारंही बराच काळ बार्नसारखीच, बाजूला उघडणारी किंवा सरकणारी. बर्फ साचला की उघडायची पंचाईत. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी वर उचललं जाणारं दार आणलं, १९२६ मध्ये ते विजेवर चालवून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅरेज घराला चिकटलं ते चिकटलंच. आज तिकडं घरी येणारा माणूस पुढच्या दारानं येतच नाही, गॅरेजमधून येतो. उंबरठ्यावर रांगोळी काढावी तर कुणासाठी?

लेकीच्या घराचा सांगाडा मात्र या सगळ्यांहून नवा आहे. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, स्वस्तात शेड उभारण्यासाठी तिकडच्या शेतकऱ्यांनी औषध मारलेले लाकडी खांब सरळ जमिनीत पुरून वर छप्पर टाकायला सुरुवात केली. पाया नाही, दगडी भिंत नाही. छपराचा सगळा भार बाहेरच्या खांबांवर. अशा शेडमध्ये घर करायची टूम अलीकडची. त्याला तिकडं बार्नडोमिनियम म्हणतात. तो शब्द १९८९ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या एका बिल्डरनं काढला, आणि त्याच्या मनात होती ती घोडे पाळणाऱ्यांची वसाहत. पुढं टेक्सासमधल्या घरदुरुस्तीच्या एका टीव्ही कार्यक्रमानं तो घरोघरी नेला.

हे सगळं वाचता वाचता मी तिकडच्या बांधकामाच्या नियमांपाशी पोचले, आणि माझ्या दाराचं उत्तर तिथं ठळक लिहिलेलं होतं. गॅरेजमधून थेट झोपायच्या खोलीत दार उघडता येत नाही. सक्त मनाई. गॅरेज आणि घर यांच्या मधल्या भिंतीला निदान अर्ध्या इंचाचा जिप्समचा थर हवा, घरात येणारं दार भरीव हवं आणि आपोआप मिटणारं हवं. कारण आग, आणि आगीपेक्षाही गाडीचा धूर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. थंडीत गाडी तापवायला म्हणून आतच सुरू ठेवतात, आणि गॅरेजचं मोठं दार उघडं असलं तरी तो वायू घरात झिरपतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

मी फोन केला. जावईबापू पहाटे सहाला कामावर निघतात, आणि त्या वेळी तिथं झोपलेलो कोण असणार, तर आम्ही दोघं. एवढंच बोलले. पलीकडं बराच वेळ शांतता. नकाशा काढणाऱ्यानं हे बघायला नको होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यानं पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही आई. मला फक्त बर्फ दिसत होता."

बदल अवघड गेला नाही. छपराचा भार बाहेरच्या खांबांवर असल्यानं आतल्या भिंती नुसत्या आडोशाच्या, कागदावर कुठंही सरकवता येतात. आमची खोली आता पूर्वेला गेली, उन्हाच्या बाजूला. खोलीत आणि गॅरेजच्या दाराशी धोक्याचा गजर करणारं यंत्रही बसवायचं ठरलंय. यांनी नकाशा चष्मा लावून दोनदा पाहिला आणि विचारलं, "देवघर कुठाय?" आमच्या खोलीला लागूनच आहे.

गॅरेज आणि घर यांच्या मधे आता चपला काढायची जागा आणि एक अरुंद खोली आलीय, पाच फूट रुंद. तिथं ती धान्याची कोठी करणार आहे. किती पोती मावतील, मी विचारलं.

"पोती कुठली आई, इथं वीस पौंडांच्या पिशव्या मिळतात."

तिला म्हटलं, फळ्या तरी मजबूत ठोकून घे. आणि कडुलिंबाचा पाला मी वाळवायला घातलाय. विमानात नेऊ देतात का, ते कुणाला ठाऊक असेल तर कळवा.